माउसवरून हात काढा, गाऱ्हाणं आहे

"तू नेमकं करतंस काय गो?" हा प्रश्न मला आमच्या पेडण्यातल्या इब्रामपुरात देवळाच्या पायरीपासून पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. मी खरं तेच सांगते. मुलं कम्प्युटरवर एकमेकांना गोळ्या घालतात, मी ते बघून माईकवर ओरडते आणि महिना संपला की पगार घेते. ऐकणारा मान डोलावतो. मग विचारतो, "बरां, आणि लग्नाचां काय?"

ज्यांनी हा ईस्पोर्ट्सचा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन संघ, प्रत्येकात चार जण. एक बेट. बेटावर घरं, झाडं, पडक्या भिंती, आणि सगळ्याभोवती एक वर्तुळ, ते हळूहळू आवळत जातं. बाहेर राहिलात तर आपोआप मेलात, आत धावलात तर समोरचा टपून बसलेलाच असतो. ज्या संघाचं माणूस शेवटी उभं राहिलं तो जिंकला. हे सगळं लोक हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर बघतात, घरोघरी मोबाइलवर बघतात, आणि काय चाललंय ते सांगायला माईकवर दोघं बसतात. एक जण काय घडलं ते सांगतो, दुसरा का घडलं ते. मी पहिली. का घडलं हे मला अजूनही पुष्कळदा कळत नाही, आणि मी तसं सांगूनही टाकते. लोकांना ते आवडतं.

या धंद्यात मी चाळिशी उलटल्यावर शिरले. त्याआधी आमच्या भागातल्या एका बसस्टँडवर मी कंत्राटावर घोषणा करत होते. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाची पिशवी सापडली. तुम्हाला हे रटाळ वाटेल, पण मला त्या माईकचं वेड होतं. मी बोलले की शंभर डोकी एकदम वर बघायची. एके दिवशी साहेबांनी प्रेमाने बोलावून घेतलं. सगळ्या गावांची नावं, सगळे फलाट, 'उशिरा येत आहे', 'रद्द झाली आहे', असं एका बंद खोलीत माझ्याकडून वाचून घेतलं. मी मेलीने जीव ओतून वाचलं. पुढच्या महिन्यापासून मशीन माझ्या आवाजात बोलायला लागलं आणि मला घरी बसायला सांगितलं.

माझ्याच आवाजाने माझी नोकरी खाल्ली, असा योग दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेत असेलसं वाटत नाही. वर पंचाईत अशी, की दुसरी नोकरी शोधायला जायचं तर बसनेच जायचं. मी खाली फलाटावर उभी, आणि वरून मीच मला सांगतेय की गाडी उशिरा येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. एकदा एक बाई माझा आवाज ओळखून माझ्यावर उखडली, "तुमीच सांगलात मगे, गाडी लागली म्हणान? खंय आसा गाडी?" तिला काय सांगणार, कपाळ? मी गाडी शोधायला लागले.

आमच्या घरात आवाज हीच इस्टेट. आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडच्या नसलेल्या वाचकांसाठी सांगायचं तर गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडलेलं मागणं. एक जण बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." नवी मोटरसायकल, मुलीची परीक्षा, म्हशीचं पोट, पंचायतीची निवडणूक, कशालाही गाऱ्हाणं चालतं. पेडण्याच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. कानावर पडलं की हातातलं काम सुटतं, तळवे जुळतात आणि तोंडातून "व्हय म्हाराजा" निघतं. मला सगळं गाऱ्हाणं तोंडपाठ होतं, पण बाईमाणसाने ते घालायची आमच्याकडे रीत नाही. मी आपली मागच्या रांगेतली 'व्हय म्हाराजा'वाली.

तर नोकरी. मला नोकरी हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त माईक हवा होता. माईकशिवाय मी घरात भांड्यांना घोषणा करायला लागले होते. "बाय चेडवा," आई म्हणायची, "भात उशिरा येता तां माका दिसता, तू सांगू नको."

पर्वरीला गेम बनवणारी एक कंपनी आवाज शोधत होती, तिथे गेले. टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कुठले गेम खेळता?" मी म्हटलं, "लगोरी, झब्बू, आणि पाऊस लागला की सोंगट्या." ती टाइप करत होती, ती थांबली. पण आवाज ऐकून तिने मला काचेच्या खोलीत पाठवलं. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याने कानाला हेडफोन लावले, बोटाने खूण केली आणि म्हणाला, "मॅडम, मरा."

त्या गेममध्ये एक सरदारीण होती, ती खेळणाऱ्याच्या चुकीने सारखी मरायची, आणि प्रत्येक मरणाची किंकाळी वेगळी लागायची. पाण्यात बुडून मरा, बाण लागून मरा, अस्वलाने धरलंय असं समजून मरा. मी सकाळभर मरत होते. "आता कड्यावरून पडून," तो म्हणाला, आणि मला काही सुचेना, म्हणून मी "आयय गेऽऽ" करून जी काय आरोळी ठोकली, ती त्याला इतकी पसंत पडली की तशीच ठेवली. ती सरदारीण कुठल्याशा बर्फाळ मुलुखातली. आजही ती बर्फावरून घसरली की आमच्या मालवणीत आईला हाक मारते.

पण ते काम तेवढ्यापुरतं. आणखी मिळेल या आशेने मी घरी मरायचा सराव ठेवला, तर शेजारची काकी तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. आई दारातूनच म्हणाली, "काय जावक नाय, ती नोकरी शोधता."

त्याच रेकॉर्डिंगवाल्याने माझं नाव शेरॉन मॅडमना दिलं. त्या गेमिंगचे सामने भरवणाऱ्या एका कंपनीत होत्या, ठेंगणी बाई, बोलणं तोफेसारखं. त्यांची अडचण अशी की पेडणे, डिचोली, सत्तरी, वास्को अशा सगळीकडून मुलं खेळायला येत, पण माईकवरचे निवेदक बाहेरून आणलेले. हॉल हलायचा नाही. त्यांना आमच्यातलं माणूस हवं होतं. डिचोलीला रविवारी अंतिम सामना होता. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "हॉल हालयलो जाल्यार सोमारापासून कायम. ना जाल्यार देव बरें करूं." हॉल हलवलास तर सोमवारपासून नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार.

खेळ शिकणं भाग होतं. सोप्यावर आबांशेजारी बसून मी मोबाइलवर खेळायला लागले आणि उतरल्या उतरल्या मरायला लागले. आबा पहिले दोन दिवस तोंड फिरवून बसले. तिसऱ्या दिवशी मान वळली. मग सुरू झालं, "मागे बघ गो, त्या झाडाआड कोण तरी आसा." "वर्तूळ फुडे गेला, तू हयसर काय करतंस?" "माडीर चढ, माडीर. खाली रवलंस तर मेलंस." मी मेले की आबा हळहळायचे, आणि समोरच्या मुलाला, जो कुठे राहतो देव जाणे, खास इब्रामपुरी शिव्या द्यायचे. जेवण वाढलं तरी उठायचे नाहीत. आई शेवटी स्वयंपाकघराच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. "तेका मारूंदी तुमका," ती म्हणायची, "मगे तरी जेवक येशात."

रविवार उजाडला. डिचोलीचा हॉल गच्च भरलेला. अंतिम सामना पेडण्याच्या मुलांचा वास्कोच्या मुलांशी. पेडण्याचा कप्तान संकेत, वास्कोचा क्लाइव्ह. माझ्याबरोबर 'का घडलं' सांगायला मिलिंद नावाचा एक शहाणा मुलगा होता. आणि मी माईक हातात घेतला, तो चांगलाच वजनदार होता, तोंड उघडलं, आणि आतून बाहेर काय पडलं तर बसस्टँड.

"उत्तरेकडून येणारा खेळाडू लवकरच पुलाजवळ पोचत आहे," मी म्हणाले. "कृपया नोंद घ्यावी."

मागून कुणीतरी विचारलं, "ताई, फलाट कितवा?"

हॉल हसला, पण ते हसणं मला नको होतं. मी आवाज बदलायचा प्रयत्न केला तर आणखी शुद्ध मराठी यायला लागलं. एक मुलगा गोळी लागून पडला तेव्हा मी दिलगिरी व्यक्त केली. दाराशी शेरॉन मॅडम कपाळ धरून उभ्या होत्या. मला समोर पडदा दिसेना, माझा सोमवार विरघळताना दिसायला लागला. दोन वर्षांनी मिळालेला माईक मी अर्ध्या तासात घालवत होते.

आणि शेवटच्या फेरीत, ऐन रंगात, पडदा गोठला. खेळाडू जिथल्या तिथे, एकाचा पाय हवेत. तंत्रज्ञाने दोन्ही हात वर केले. लोक शिट्ट्या मारायला लागले, खुर्च्या सरकायला लागल्या. शेरॉन मॅडम माझ्याजवळ धावत आल्या आणि कानात म्हणाल्या, "उलय गो. कितेंय उलय, पूण ओगी रावूं नाका." काहीही बोल, पण गप्प बसू नकोस. मी प्रायोजकांचे आभार मानले. गेटासमोर लावलेल्या पांढऱ्या स्कूटरच्या मालकाला बोलावलं. पाणी कुठे मिळेल ते सांगितलं. मग डोक्यातलं सगळं संपलं, आणि जे सगळ्यात खाली होतं ते वर आलं.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा," गावच्या सगळ्या देवांना एकदम हाक मारून मी सुरू केलं, "आज ह्या हॉलात तुझी लेकरां जमली हत रे म्हाराजा."

एका कोपऱ्यातून, जरा लाजतच, "व्हय म्हाराजा."

"ह्यो जो काय पडदो आडकान रवलो हा, तो मोकळो कर रे म्हाराजा."

या वेळी अर्धा हॉल. "व्हय म्हाराजा."

"पेडण्याच्या ह्या चार झिलांक यश दी. तेंच्या वाटेत काय काटोकुटो आसात, तो दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." छप्पर उडायचंच बाकी होतं. हॉल हलला होता.

मला आणि हॉलला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गोठला होता तो फक्त आम्हा बघणाऱ्यांचा पडदा. खेळाडूंची मशीनं ठणठणीत होती आणि फेरी चालूच होती. मोठ्या स्पर्धांत खेळाडू काचेच्या बंद खोल्यांत बसतात, बाहेरचं काही ऐकू येत नाही. इथे ते माझ्या टेबलाच्या खालच्या अंगाला, साधे हेडफोन घालून. माझं गाऱ्हाणं त्यांच्या कानात शिरलं, आणि पेडण्याच्या चौघांनी माउस सोडले, हात जोडले, डोळे मिटले.

वास्कोच्या मुलांनी गाऱ्हाणं जन्मात ऐकलेलं नव्हतं. त्यांना काय दिसलं, तर समोरचे चार शत्रू उघड्या मैदानात देवासारखे स्तब्ध उभे. त्यांनी आपलं काम केलं. त्याच क्षणी आमचा पडदा सुटला, आणि अख्ख्या हॉलला पहिलं दर्शन घडलं ते ओळीने पडलेल्या चार मढ्यांचं. 'का घडलं' सांगायची जबाबदारी मिलिंदची. त्याने माईक जवळ घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "माझ्याकडे याचं विश्लेषण नाही."

मग जो गोंधळ माजला तो सांगत नाही. मी माईक बंद केला आणि पर्स शोधायला लागले. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माझं नाक वाजतं. पंच पुण्याहून आलेले. ते संकेतला विचारत होते, "मशीन चालू होतं, मग तुम्ही चौघांनी हात का काढले?"

"सर, गाऱ्हाणं चालू होतं."

"मग?"

"मग हात कसे ठेवणार?" संकेत म्हणाला. त्याला तो प्रश्नच कळला नव्हता. पंचांना समजावून सांगायला पहिल्या तीन रांगा उठून आल्या.

तोवर क्लाइव्ह हेडफोन गळ्यात अडकवून उभा राहिला. "आमकां असलें जैत नाका," तो पंचांना म्हणाला. "परत खेळूया." असली जीत आम्हाला नको, म्हणाला, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत माझ्याकडे वळला. "पूण आंटी, हे खेपे आमचेंय सांग."

शेरॉन मॅडमनी जागच्या जागी नियम केला. गाऱ्हाणं आधी, दोन्ही संघांचं, आणि दोन्हींचे हात माउसवरून खाली. संकेतने वास्कोच्या मुलांना कुठे काय म्हणायचं ते शिकवलं. मी परत उभी राहिले आणि म्हटलं, "वास्कोचे हे चार झील लांबसून इले हत, तेंकाय तितक्याच यश दी रे म्हाराजा." क्लाइव्हची मंडळी पहिल्यांदा अर्धं पाऊल उशिरा "व्हय म्हाराजा" म्हणाली, तिसऱ्या वेळेपर्यंत सुरात आली.

आणि त्यानंतर काय झालं ते मलाच ठाऊक नाही. बसस्टँड गेलं ते गेलंच. "आता तो माडीवर चढला, शहाणा आहे, खाली राहिला असता तर मेला असता. अरे मागे बघ बाबा, झाडाआड कोण आहे बघ. नाही बघत. नाही बघत. बघितलं." हे बोलणं सोप्यावरचं होतं, आबांचं, त्यातल्या शिव्या तेवढ्या मी गाळल्या. माणसं खुर्च्यांवर चढली होती. शेवटी क्लाइव्ह आणि संकेत दोघंच उरले, एका पडक्या भिंतीच्या दोन बाजूंना, आणि क्लाइव्ह उरला. पेडण्याची मुलं माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, दोघांनाही सारखंच यश मागितलंत, मग असंच होणार." पण हसत होती.

आता कुणी पालक मुलाला घेऊन येतात आणि या धंद्यात चिकटवायचं कसं ते विचारतात, तेव्हा मी खेळाडू होण्यावर भर देऊ नका म्हणून सांगते. खेळणाऱ्यांची बोटं लवकर मंदावतात. संकेतसारखा पोरगा आज खेळत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. तो आता माझ्या मागे बसून कुठल्या खेळाडूचं दृश्य पडद्यावर केव्हा दाखवायचं ते ठरवतो, आणि ते काम फार नजरेचं आहे. पंच लागतात, मशीनं सांभाळणारे लागतात, अनुवाद करणारे लागतात. कड्यावरून पडून मरणारेही लागतात.

त्या रविवारी मात्र मला दुसऱ्या कुणाची फिकीर नव्हती. शेरॉन मॅडमनी मला बाजूला घेतलं. नोकरी कायम, पण एका अटीवर. प्रत्येक सामन्याच्या आधी गाऱ्हाणं हवंच. तेच नसेल तर निवेदक त्यांच्याकडे पुष्कळ होते.

मी म्हटलं, "उद्या सांगते."

मॅडमना वाटलं मी भाव खातेय. तसं नव्हतं. माईक हवा म्हणून मी जीव टाकत होते, पण गाऱ्हाणं माझं नव्हतं. ते आबांचं, देवळाचं. मी बाईमाणसाने ते घेतलं, गोळ्या घालायच्या खेळाला लावलं, आणि घरोघरी मोबाइलवर लोकांनी बघितलं. आबांनी तर नक्कीच बघितलं असणार. ते नको म्हणाले असते तर मी सोमवारी गेले नसते. ते मी बसमध्येच ठरवून टाकलं, आणि खिडकीकडे तोंड करून थोडी रडले.

घरी पोचले तर आबा सोप्यावर, मोबाइल उपडा ठेवलेला. माझ्याकडे बघितलं नाही. आई आत बांगडे तळत होती, तीही बाहेर आली नाही. मी चप्पल काढली, समोर बसले आणि मॅडमची अट सांगून टाकली. "तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," मी म्हटलं.

आबांनी उपडा मोबाइल सुलटा केला. मग म्हणाले, "राखणदार खंय गेलो?"

"कोण?"

"गावच्या शिमेवयलो राखणदार, वेस राखणारो देव. बारा-पाचाक हाक मारलंस आणि शिमेवयल्याक इसारलंस. राखणदार नाय तर त्या झिलांची पाठ कोण राखतलो? म्हणान मेले ते."

"आबा, त्यांनी हात काढले म्हणून मेले."

"हात काढूचेच. पाठ राखूची कोणी?"

"आणि वास्कोचे जिंकले ते?"

"तेंचो राखणदार तेंका म्हायत आसतलो," आबा म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "म्हणजे मी घालू?"

"बायलमाणसान देवळात घालूची रीत नाय," आबा म्हणाले. "हॉलाची रीत अजून कोणी ठरवूक नाय. पण घालतलंस तर सारक्या घाल. गावचां नाव आसा. उभी रव."

मी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडून पहिल्यापासून म्हणवून घेतलं. राखणदार कुठे घ्यायचा, श्वास कुठे सोडायचा, 'रे म्हाराजा'वर आवाज का चढवायचा नाही, सगळं. दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा मान डोलावली. मी शेवटाला आले आणि उत्साहात पुढे जोडलं, "आणि माका ही नोकरी..."

आबांनी हात वर केला. "आपलां गाऱ्हाणां आपण घालूचां नसता," ते म्हणाले. "तां दुसऱ्यान घालूचां."

ते उठले. खांद्यावरचा पंचा सारखा केला. देवळात उभे राहतात तसे उभे राहिले.

"शिमेवयल्या राखणदारा, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा. ह्या माझ्या चेडवाचो माईक एकदा काढून घेतलो रे म्हाराजा. ती भांड्यांवांगडा बोलाक लागली, तां मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. आता जो दितलंस, तो तिच्या तोंडाफुडसून परत कोणाक काढूक देव नको रे म्हाराजा."

उत्तर द्यायला मीच होते, पण माझं फक्त नाक वाजलं. आबा हात जोडून थांबले होते. आतला बांगड्यांचा तडतडाट बंद झाला. आईने गॅस बंद केला होता.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.